तळ्याकाठची बाई

शांत खेड्यांची चित्रं मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. तळं, झाडं, दोन गाई, लांबवर एखादं छप्पर, आणि या सगळ्यात कुणाच्याही कपाळावर घाम नाही. असली चित्रं शहरातल्या पैसेवाल्यांच्या दिवाणखान्यासाठी काढली गेली, असं माझं मत होतं आणि बऱ्याच अंशी ते अजून आहे. ज्याला शेतात राबायचं नसतं त्यालाच शेत शांत दिसतं. तरीही टोकियोतल्या एका संग्रहालयात अशाच एका चित्रापुढे मी जेवढा वेळ उभी राहिले, तेवढा वेळ आजवर कुठल्याच चित्रापुढे उभी राहिलेली नाही.

तिथे मी पोचले ती एका कागदामुळे. आम्ही टोकियोला लागून असलेल्या ग्योतोकुला राहतो. नवरा सकाळी कावासाकीच्या ऑफिसला जातो, मी आठवड्यातले चार दिवस एका भाषांतराच्या कचेरीत बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करते. एकदा सिटी ऑफिसात काही कामाला गेले होते. तिथल्या फलकावरचा प्रत्येक कागद वाचल्याशिवाय मला पुढे सरकता येईना. ही सवय घरची. माझे वडील पुण्यात बांधकाम मजुरांच्या आणि घरकामगार बायांच्या संघटनेचं काम करायचे, आणि त्यांची पत्रकं आमच्याच घरी लिहिली जायची, घड्या घालून गठ्ठे व्हायची. मी अक्षरं शिकले ती त्या गठ्ठ्यांवर. उरलेली पत्रकं आई फडताळात अंथरायची. तुरीच्या डाळीचा डबा उचलला की खाली 'लढा' दिसायचा, साखरेच्या डब्याखाली 'किमान वेतन'.

तर त्या फलकावर लिहिलं होतं, की दृष्टी अधू असलेल्या लोकांसोबत संग्रहालयात फिरून त्यांना चित्रं सांगणारी माणसं हवी आहेत. महिन्यातला एक शनिवार. पगार नाही.

नवरा म्हणाला, "चित्रंच सांगायची ना? त्यांनाही निवेदन देऊ नकोस म्हणजे झालं."

"गरज पडली तर देईन."

"कर्मचाऱ्यांच्या मागण्या काय असतील? गाईंना साप्ताहिक सुट्टी?"

मी अर्ज भरला.

प्रशिक्षण एका दिवसाचं होतं. संग्रहालयाची एक समन्वयक बाई होती, सावकाश बोलणारी. तिने सांगितलेला क्रम असा: आधी चित्र केवढं आहे ते सांगायचं. मग कुठे काय आहे, मग रंग. स्वतःचं मत सगळ्यात शेवटी, आणि तेही समोरच्याने विचारलं तरच. जे दिसत नाही ते सांगायचं नाही. एवढं बोलून तिने माझ्या हातातलं पेन दोन्ही हातांनी, वाकून, अगदी माफी मागितल्यासारखं काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. दालनात पेन चालत नाही, शाईचा डाग पडू शकतो.

मला तो क्रमच पटला नाही. वडिलांनी मला नेमकं उलटं शिकवलं होतं. पहिल्या ओळीत बाजू घ्यायची. हातात पत्रक पडलेला माणूस चालत असतो, घाईत असतो, त्याला पहिल्याच ओळीत कळलं पाहिजे की आपण कुणाच्या बाजूने बोलतोय. मत शेवटी, तेही विचारलं तर, याला आमच्या घरी भित्रेपणा म्हणत.

ज्यांच्यासोबत माझी जोडी लावली त्यांना मी आडनावाला सान, म्हणजे आपलं 'जी', लावून हाक मारायची. इथे आजी म्हणते. जपानीत त्यांना तोंडावर आजी म्हटलं असतं तर त्यांनी काठी उगारली असती. ऐंशीच्या पुढच्या, ठेंगण्या, डोक्यावर जांभळी लोकरीची टोपी. पांढरी काठी त्या घडी करून पिशवीत ठेवायच्या आणि फक्त जिन्यावर काढायच्या.

"तुमचं आडनाव माझ्या दातांत अडकतं," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या. "इंदो-सान म्हटलं तर चालेल?"

इंदो म्हणजे भारत. एरवी मी यावर भांडले असते. पण त्या इतक्या सहज बोलल्या, की भांडणाची जागाच सापडली नाही.

"मधलं गेलं, कडा उरल्या," त्यांनी आपल्या डोळ्यांचं सांगितलं. "तुमच्याकडे बघितलं की तुमचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. कान चांगले आहेत."

त्या मला थेट तिसऱ्या दालनात घेऊन गेल्या. मी त्यांना नेत होते असं कागदोपत्री होतं. वाट त्यांना पाठ होती. कोपऱ्यातल्या एका चित्रापुढे थांबल्या. एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच चित्र, उशीएवढं, त्याला त्याहून मोठी सोनेरी चौकट.

"चौकट मला दिसते," त्या म्हणाल्या. "तळं आठवतं, गाई आठवतात. मधे एक बाई आहे. लहानशी. तिथे आता मला नुसता राखाडी डाग दिसतो. डिसेंबरात हे दालन दुरुस्तीला बंद होणार, दोन वर्षं. दोन वर्षांनी मी येईन की नाही, कुणी सांगावं. त्याआधी ती बाई मला घरी न्यायची आहे. मला फक्त ती सांगा."

मी चित्राकडे पाहिलं आणि माझं रक्त तापलं. पाणी कसं चांदीसारखं, आकाश कसं ओलसर, सगळं कसं मऊ. आणि मधे, तळ्याच्या काठाशी, नखाएवढी एक बाई, डोक्याला लाल काहीतरी बांधलेलं, आणि तिच्या पाठीशी एक काळपट गोळा. तो गोळा मला लगेच कळला. सगळं चित्र शांततेचं सोंग घेऊन बसलं होतं आणि ही एकटी खरं बोलत होती.

मी सांगितलं, "एक गरीब बाई आहे. तिच्या पाठीवर सरपणाचा मोठा भारा आहे. ती त्याखाली वाकली आहे. बाकी सगळं चित्र शांत आहे, पण तिला शांतता नाही."

आजींनी मान किंचित तिरकी केली. मग म्हणाल्या, "भारा?"

"हो. मोठा."

"मला कधी दिसला नव्हता. इतकी वर्षं बघितलं." त्यांनी टोपी नीट केली. "असेल. तुमचे डोळे तरुण आहेत."

परतताना तोझाई लाइनच्या डब्यात मी खुशीत होते. एका शांत चित्राला मी बोलतं केलं होतं.

पुढच्या महिन्यात त्या पुन्हा थेट तिथेच थांबल्या. आज त्यांच्याकडे प्रश्न तयार होता.

"इंदो-सान, ती बाई चालतेय की उभी आहे?"

मी पाहिलं. पाय एकत्र होते, खाली पाण्यात तिची सावली सरळ उतरलेली. "उभी आहे."

"टेकलीय कशाला? झाडाला, दगडाला?"

"नाही. नुसती उभी."

"मग भारा नाही," आजी म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या मला समजावून सांगत होत्या, जसं आपण परगावच्या माणसाला बसथांबा सांगतो. "मी उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातली. आमचं घर शेतकऱ्याचं. दहा वर्षांची असल्यापासून मी पाठीवर सरपण वाहिलंय. ओझं घेतलेलं माणूस उभं राहत नाही. चालतं, नाहीतर टेकतं. उभं राहिलं की दोऱ्या खांद्यात शिरतात. तळ्याकडे बघत उभं राहायचं असेल, तर आधी भारा खाली ठेवावा लागतो."

मी दोन पावलं बाजूला सरकले. मग उलट्या दिशेने सरकले. तो काळपट गोळा बाईच्या पाठीवर नव्हताच. तिच्या मागे, पलीकडच्या काठावर, एका बुटक्या झाडाचा जाड बुंधा होता. मी जिथे उभी होते तिथून रंगावरच्या चकाकीत मधली पाण्याची पट्टी दिसत नव्हती, म्हणून तो तिच्या पाठीला चिकटल्यासारखा वाटत होता.

मजुरांच्या बाजूने लिहिलेल्या शेकडो पत्रकांवर मी वाढले होते आणि ओझं घेतलेलं माणूस कसं उभं राहतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या क्षणी अंगावर जे आलं त्याला लाज हा शब्द अपुरा आहे.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "भारा नाही. मागे झाड आहे. मला... तसं दिसलं."

"महिनाभर मी तिच्या पाठीवर लाकडं ठेवली," आजी म्हणाल्या. "रात्री निजताना डोळे मिटले की ती यायची, वाकलेली. मला वाटायचं, इतकी वर्षं बघूनही आम्हा दोघांना तिचं दुःख कसं दिसलं नाही." मग हसल्या. "आता ठेवायला सांगा तिला खाली."

दोघं म्हणजे त्या आणि त्यांचे यजमान. बाकावर बसल्यावर त्यांनी ते सांगितलं. लग्नानंतर चाळीस वर्षं, दर शरदात, ती दोघं या चित्राकडे यायची आणि याच्यापुढे हळू आवाजात भांडायची. यजमान म्हणायचे, बाई पाठमोरी आहे, पलीकडे निघाली आहे. आजी म्हणायच्या, तोंड इकडे आहे, ती आपल्याकडे येते आहे. दरवर्षी तेच. मग खाली जाऊन सोबा नूडल्स खायच्या आणि त्यावर पुन्हा भांडायचं. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले. त्यानंतर डोळे गेले. एकटीने बघून निकाल लावायचा त्यांनी ठरवलं होतं, तोवर मधलाच भाग नाहीसा झाला.

"मला तुमच्याकडून खरं तर एवढंच हवं होतं," त्या म्हणाल्या. "ती येतेय की जातेय. पहिल्या वेळी विचारणार होते. पण तुम्ही भारा सांगितलात, मग विचारायचं धाडस झालं नाही. भाऱ्याखालच्या बाईला काय विचारायचं, येतेस की जातेस."

मी उठायला लागले, बघून सांगते म्हणून. मग तशीच खाली बसले. मला माझ्या डोळ्यांची खात्री उरली नव्हती.

"आज सांगत नाही," मी म्हणाले. "पुढच्या वेळी सांगते. तो शेवटचा शनिवार आहे ना?"

"शेवटचा आहे. पुढे ढकलू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळचे नऊ, वडिलांचा दुसरा चहा. सगळं सांगितलं.

"म्हणजे तू म्हातारीला खोटं सांगितलंस," ते म्हणाले.

"खोटं नाही, बाबा. मला तसंच दिसलं."

"मग ते जास्त वाईट."

"पहिल्या ओळीत बाजू घ्यायची, हे तुम्हीच शिकवलंत."

"बाजू घे म्हटलं. भर घाल म्हटलं नव्हतं." चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. "तुला ती गोष्ट सांगितली नाही का, पाचव्या मजल्याची?"

सांगितली नव्हती. एका इमारतीच्या कामावर एक मजूर पडून मेला होता. वडिलांनी त्याच दुपारी पत्रक लिहिलं: पाचव्या मजल्यावरून पडला. कुणीतरी तसं म्हणालं होतं, आणि त्यांना ते पटलंही होतं, कारण पाचवा मजला वाचायला जास्त उंच. प्रत्यक्षात तो तिसऱ्यावरून पडला होता. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस तेच पत्रक हातात घेऊन फाटकाशी उभा. बघा, यांना मजलेसुद्धा मोजता येत नाहीत. आठवडाभर सगळीकडे मजल्यांवरच बोलणं चाललं.

"तिसऱ्या मजल्यावरून पडलेला माणूस काय कमी मेला होता?" वडील म्हणाले. "पण मी दोन मजले वाढवले, आणि त्या दोन मजल्यांत तो हरवला. दुरुस्ती छापली आम्ही. दुरुस्ती कोण वाचतं."

"मग आता मी काय करू?"

"परत जा आणि बघ. आणि बघताना त्या बाईला तुझ्या संघटनेत घेऊ नकोस. तिने वर्गणी भरलेली नाही."

त्या आठवड्यात कचेरीतून एक दिवस सुट्टी घेतली आणि एकटीच गेले. दालनात कुणी नव्हतं, खुर्चीवर गुडघ्यांवर शाल घेतलेली एक रखवालदार बाई सोडून. मी प्रशिक्षणातला क्रम धरला. आधी चित्र केवढं. मग डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापासून काय काय. पेन्सिलने कागदावर लिहीत गेले. चिखलाची वाट, तिच्यावर गाडीच्या चाकांचे दोन चर. गवत. पाणी. दोन गाई, एक पाण्यात घोट्यापर्यंत. पलीकडे चार बुटकी झाडं. विशेषण लिहिलं की खोडत होते. 'दीन' खोडलं. 'मोकळं' खोडलं.

शेवटी बाई. जवळ गेले तर बाई उरत नव्हती, तीन-चार फटकारे उरत होते. लाल ठिपका म्हणजे डोक्याचं फडकं. त्याच्याखाली गव्हाळ रंगाचा एक फटकारा. तो चेहरा असू शकत होता, आणि उन्हात उजळलेली मानही असू शकत होती. कमरेखाली थोडं पांढरं. ते पुढे बांधलेलं वस्त्र असेल तर ती इकडे तोंड करून होती. मागे गाठ मारून सोडलेलं टोक असेल तर पाठमोरी. रखवालदार बाईने मला दोनदा मागे व्हायला सांगितलं.

कबूल करते, मला ती येत असायला हवी होती. एकीकडे ऐंशीच्या पुढची, नजर गेलेली, एकटी बाई. दुसरीकडे निधन पावलेला नवरा, जो हरला तरी त्याला कळणार नव्हतं. बाजू कुणाची घ्यायची यात मला काही विचार करायचा नव्हता. 'येतेय' एवढा एक शब्द. त्याने कुणाचं काही बिघडलं नसतं, आणि पुन्हा ते चित्र बघून मला खोटं पाडायला त्या येऊ शकणार नव्हत्या. नेमकं हेच मनात आलं आणि मी तिथेच थांबले. ज्याला तपासता येणार नाही त्याला सोयीचं सांगणं. याच गोष्टीविरुद्ध तर आमच्या घरात पत्रकं छापली जात होती.

शेवटच्या शनिवारी दालनात गर्दी होती, बंद होण्याआधी बघायला आलेली माणसं. आजींनी जांभळ्या टोपीऐवजी चांगली हॅट घातली होती. त्यांनी माझा दंड धरला. आम्ही रांगेतून पुढे सरकत चित्राशी आलो.

"आधी बाकीचं सांगते," मी म्हणाले.

"बाकीचं मला आठवतं."

"तरी सांगते. या वेळी नीट."

मी सांगत गेले. चिखल, चर, पाणी, गाई. झाडांपाशी आले तेव्हा म्हणाले, "झाडं बुटकी आहेत. शेंड्याला फांद्या नाहीत, गाठी आहेत, मुठीसारख्या. गाठींमधून बारीक काटक्या वर आल्यात."

आजींचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. "छाटतात ती. दरवर्षी. सरपणासाठी. आमच्याकडेही ओढ्याकाठी होती तशी."

त्यांनी सांगेपर्यंत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी बाईच्या अंगावर घाम शोधत बसले होते, आणि काम त्या झाडांच्या डोक्यांवर होतं. दरवर्षी कुणीतरी त्यांवर चढलं होतं, कोयता घेऊन. चित्रकाराने ते लपवलं नव्हतं. मलाच वाचता आलं नव्हतं. त्याने ते दिवाणखान्यासाठी काढलं, यावर मी अजूनही ठाम आहे. दोन्ही गोष्टी एकाच उशीएवढ्या जागेत मावतात, एवढं मला आता मान्य करावं लागतं.

"आता ती," आजी म्हणाल्या.

"लाल फडकं आहे. उभी आहे. हात दिसत नाहीत. पाठीवर काही नाही."

"येतेय की जातेय?"

मागची माणसं आमच्या हलण्याची वाट बघत होती. 'येतेय' अजूनही माझ्या जिभेवर होतं, अगदी पुढे.

"कळत नाही," मी म्हणाले.

मी फडक्याखालच्या गव्हाळ फटकाऱ्याचं सांगितलं, कमरेच्या पांढऱ्याचं सांगितलं. दोन्हीकडून काय म्हणता येतं तेही सांगितलं.

"किती जवळून बघितलंत?"

"मला दोनदा मागे व्हायला सांगितलं, इतकं जवळून."

"आणि?"

"जवळून नुसता रंग आहे. लांबून बाई आहे. तोंड की पाठ, ते त्या रंगात नाहीच."

आजी चौकटीकडे बघत होत्या, म्हणजे त्यांना जी दिसत होती त्या कडेकडे. मला वाटलं, मी त्यांच्या हातून काहीतरी काढून घेतलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, रुमाल तोंडाशी धरून, दालनात आवाज होऊ नये म्हणून.

"चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "इतक्या ठामपणे सांगायचा. बोट रोखून. आणि मीही."

"निकाल लागला नाही. मला वाईट वाटतं."

"कशाला? रोज सकाळी त्याच्या फोटोपुढे भात ठेवते, तर बोलायला काही नसतं. हवामान सांगायचं किती. उद्या सांगेन, इंदो-सानलाही कळलं नाही. चिडेल. म्हणेल, तिला नीट बघताच आलं नाही."

"सांगा त्यांना, पहिल्या वेळी खरंच आलं नव्हतं."

"ते तर सांगणारच आहे."

मागच्या माणसांना वाट देण्यासाठी आम्ही बाजूला झालो. दालनाच्या दाराशी त्या थांबल्या, मान वळवली, आणि पुन्हा माझा दंड धरला.

"पण भारा नाही ना? नक्की?"

"नक्की नाही."

"मग राहू दे तिला उभी," आजी म्हणाल्या, आणि जिना जवळ आला म्हणून पिशवीतून काठी काढली.